३,३५,५०,३३६ : पाचव्या परिपूर्ण संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी, आणि तिच्यात एवढं विशेष काय आहे?

तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. आठ अंक, शेवटी सहा. नुसती पाहिली तर एखाद्या खातेवहीतल्या रकमेसारखी वाटते. पण ६, २८, ४९६ आणि ८१२८ या चार परिपूर्ण संख्यांनंतरची ही पाचवी परिपूर्ण संख्या आहे. ८१२८ पासून इथपर्यंतच्या तीन कोटींहून मोठ्या पट्ट्यात दुसरी एकही नाही.

हिच्या नावापुढे विशेषणांची लांबलचक यादी लावता येते: त्रिकोणी, षटकोनी, व्यवहार्य वगैरे. ही यादी पाठ करण्यात अर्थ नाही. संख्येची ओळख एका ओळीत मावते:

३,३५,५०,३३६ = ४०९६ × ८१९१ = २^१२ × (२^१३ − १)

(२^१२ म्हणजे २ चा बारावा घात. पुढेही हीच खूण वापरली आहे.) खालच्या उत्तरांमधले जवळजवळ सगळे गुणधर्म या ओळीतूनच निघतात. जे निघत नाहीत त्यांना मी योगायोग म्हणतो, आणि तिथे तसं सांगितलंही आहे.

परिपूर्ण संख्या म्हणजे काय?

एखाद्या संख्येला ज्या संख्यांनी निःशेष भाग जातो ते तिचे विभाजक. त्यातून ती संख्या स्वतः वगळा आणि उरलेल्यांची बेरीज करा. बेरीज मूळच्या संख्येइतकीच आली तर ती संख्या परिपूर्ण. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८.

बेरीज कमी पडली तर संख्या न्यून आणि जास्त झाली तर विपुल. १० न्यून आहे (१ + २ + ५ = ८), १२ विपुल आहे (१ + २ + ३ + ४ + ६ = १६). बरोबर काट्यावर उभ्या राहणाऱ्या संख्या फारच थोड्या.

हिचे विभाजक किती आणि कोणते? बेरीज खरंच जुळते का?

एकूण २६ विभाजक आहेत, आणि त्यांचे सरळ दोन गट पडतात.

पहिला गट २ च्या घातांचा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६.

दुसरा गट म्हणजे यातल्या प्रत्येकाला ८१९१ ने गुणलेलं: ८१९१, १६३८२, ३२७६४, ६५५२८, १३१०५६, २६२११२, ५२४२२४, १०४८४४८, २०९६८९६, ४१९३७९२, ८३८७५८४, १६७७५१६८ आणि शेवटी संख्या स्वतः.

आता बेरीज करा, पण घाईने नको. एकेक विभाजक मिळवत जा. पहिल्या गटातले तेरा मिळवून झाले की बेरीज येते ८१९१. यादीतला पुढचा विभाजक कोणता? ८१९१. तो मिळवला की १६३८२, आणि पुढचा विभाजकही १६३८२. तो मिळवला की ३२७६४, पुढचा तोच. दर पायरीवर आतापर्यंतची बेरीज पुढच्या विभाजकाइतकी असते आणि तो मिळवला की दुप्पट होते. असं करत १६७७५१६८ मिळवला की बेरीज ३,३५,५०,३३६ वर येऊन थांबते.

मला या संख्येत सगळ्यात देखणी वाटते ती ही गोष्ट. कागद-पेन्सिल घेऊन एकदा तरी ही साखळी स्वतः करून पाहा. सूत्रात घालून उत्तर काढण्यापेक्षा यातून फार जास्त कळतं.

विभाजकांच्या व्यस्तांची बेरीज (१ + १/२ + १/४ … असं सगळ्या २६ विभाजकांसाठी) बरोबर २ येते. हे सगळ्याच परिपूर्ण संख्यांना लागू आहे. त्यामुळे या २६ विभाजकांचा हरात्मक माध्य (संख्या किती ÷ त्यांच्या व्यस्तांची बेरीज) २६ ÷ २ = १३ येतो, म्हणजे पूर्ण संख्या. असा माध्य पूर्ण येणाऱ्या संख्यांचा अभ्यास ऑयस्टीन ओरे यांनी १९४८ मध्ये केला, म्हणून त्यांना ओरे संख्या म्हणतात. १३ हा आपला घातांकच, हे लक्षात आलं असेलच.

८१९१ मूळ संख्या आहे हे कशावरून? सगळा डोलारा तर त्यावरच उभा आहे.

अगदी बरोबर. ८१९१ ला एखादा विभाजक निघाला असता तर वरच्या यादीत आणखी नावं घुसली असती आणि बेरीज फुगली असती.

साधा मार्ग असा: ८१९१ चं वर्गमूळ साधारण ९०.५ आहे, म्हणून ९० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा २४ मूळ संख्या आहेत. पण इतकेही भागाकार करावे लागत नाहीत. २^१३ − १ चा कोणताही मूळ विभाजक २६ ने भागल्यावर बाकी १ देणारा असावा लागतो. ९० च्या आत असे उमेदवार तीन: २७, ५३, ७९. २७ मूळ नाही. शिवाय अशा विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरावी लागते. ५३ ला बाकी ५, म्हणून तोही बाद. उरला एकटा ७९. ७९ × १०३ = ८१३७, बाकी ५४. भाग जात नाही. संपलं; एका भागाकारात ८१९१ मूळ ठरली.

दुसरा मार्ग ल्यूका-लेमर चाचणीचा. एदुआर ल्यूका यांनी १८७८ मध्ये तिचा पाया घातला आणि डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये तिला आजचं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि ८१९१ ने भागून बाकी ठेवायची:

४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०

सुरुवातीच्या ४ नंतर अकराव्या पायरीला (१३ − २ = ११) शून्य आलं की संख्या मूळ. शेवटची उडी तोंडी करता येते: १२८ चा वर्ग १६३८४, त्यातून २ गेले की १६३८२, आणि ते ८१९१ च्या बरोबर दुप्पट. कोट्यवधी अंकांच्या मूळ संख्या पडताळायलाही हीच रीत चालते, म्हणून ती एकदा लहान संख्येवर हाताने केलेली असावी.

घातांक ७ नंतर एकदम १३ का? मधल्या ११ चं काय झालं?

आधीच्या चार परिपूर्ण संख्या २, ३, ५, ७ या घातांकांपासून मिळतात. पुढची मूळ संख्या ११, म्हणून २^११ − १ = २०४७ मूळ असेल असं वाटणं साहजिक आहे. पण २०४७ = २३ × ८९. त्यामुळे १०२४ × २०४७ = २०९६१२८ ही संख्या परिपूर्ण होत नाही; तिच्या विभाजकांची बेरीज (ती स्वतः वगळून) २३२५३९२ येते, म्हणजे २२९२६४ ने जास्त.

इथे एक गफलत वारंवार होते. २^प − १ मूळ असेल तर प मूळ असतोच. उलट दिशेने मात्र ते खरं नाही, आणि ११ हे त्याचं सगळ्यात लहान उदाहरण आहे.

ही संख्या कोणी शोधली?

एका माणसाचं नाव घेऊन हे उत्तर संपत नाही, आणि तसं देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पाककृती युक्लिडची. इ.स.पू. ३०० च्या सुमारास ‘एलिमेंट्स’च्या नवव्या खंडातल्या ३६व्या प्रमेयात त्याने सिद्ध केलं, की २^प − १ मूळ असेल तर २^(प−१) × (२^प − १) परिपूर्ण असते. पण त्याने पाचवी संख्या काढून दाखवलेली नाही. इ.स. १०० च्या सुमारास निकोमेकसने ६, २८, ४९६, ८१२८ या चार दिल्या आणि त्यावरून दोन अंदाज बांधले: दर वेळी एक अंक वाढतो, आणि शेवटी आळीपाळीने ६ व ८ येतात. चारच उदाहरणं समोर असताना दोन्ही पटण्यासारखे होते. पुढे शेकडो वर्षं लोक ते खरे धरून चालले.

तेराव्या शतकात इब्न फल्लूस या अरबी गणितज्ञाने दहा संख्यांची यादी दिली. तिच्यातल्या पहिल्या सात बरोबर होत्या. म्हणजे आपली पाचवी संख्या त्याच्याकडे होती. युरोपात ती पंधराव्या शतकाच्या मध्यावरच्या एका निनावी हस्तलिखितात सापडते. १५३६ मध्ये हुडालरिकस रेगियसने २०४७ चे अवयव दाखवले आणि ८१९१ पासून पाचवी संख्या मिळते हे छापलं. पुढे पिएत्रो कॅटाल्डीने १६०३ च्या ग्रंथात सहावी (८५८९८६९०५६) आणि सातवी (१३७४३८६९१३२८) मांडली. त्यासाठी त्याने ५२४२८७ ला ७२४ पर्यंतच्या एकूण एक मूळ संख्यांनी भागून पाहिलं. त्या काळी हातात फक्त कागद आणि चिकाटी होती, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

फक्त युक्लिडच्या रीतीनेच सम परिपूर्ण संख्या मिळतात, दुसरी वाट नाही, हे अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केलं. युक्लिडपासून मोजलं तर त्याला दोन हजार वर्षं लागली.

शेवटचा अंक ६ का? आळीपाळीचा नियम कुठे मोडतो?

४०९६ च्या शेवटी ६, ८१९१ च्या शेवटी १. गुणाकाराच्या शेवटी ६. सर्वसाधारण नियम असा की विषम घातांकाला ४ ने भागून बाकी १ उरली तर शेवटी ६ येतो आणि बाकी ३ उरली तर शेवटी २८ येतात.

आता घातांक लावून पाहा. ३ ला बाकी ३ (२८), ५ ला १ (४९६), ७ ला ३ (८१२८), १३ ला १ (आपली संख्या). इथपर्यंत आळीपाळी टिकली. पुढचा घातांक १७, त्यालाही बाकी १. म्हणून सहाव्या संख्येच्या शेवटीही ६ आणि नियम तिथे मोडला. निकोमेकसचा अंकसंख्येचा अंदाज मात्र आपल्या संख्येनेच खोटा ठरवला: पाचवी असून तिला आठ अंक आहेत.

ती त्रिकोणी संख्या आहे का? षटकोनी?

दोन्ही. १ पासून ८१९१ पर्यंतच्या सगळ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज ८१९१ × ८१९२ ÷ २ = ३,३५,५०,३३६. म्हणून ती ८१९१वी त्रिकोणी संख्या. न × (२न − १) या षटकोनी संख्यांच्या सूत्रात न = ४०९६ घातलं की तीच मिळते, म्हणून ती ४०९६वी षटकोनी.

याहून रंजक गोष्ट पुढे आहे. दोन किंवा अधिक क्रमवार नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून ही संख्या किती प्रकारे लिहिता येईल? फक्त एकाच. असे प्रकार संख्येच्या १ हून मोठ्या विषम विभाजकांइतके असतात, आणि हिच्याकडे असा विभाजक एकच, ८१९१. तो एकमेव प्रकार म्हणजेच १ + २ + ३ + … + ८१९१. दुसरीकडून कुठूनही सुरुवात केली तरी ही बेरीज गाठता येणार नाही.

विषम संख्यांच्या घनांशी काही नातं आहे का?

आहे. १³ + ३³ + ५³ + … + १२७³ म्हणजे पहिल्या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीज बरोबर ३,३५,५०,३३६ येते. पहिल्या म विषम घनांची बेरीज म² × (२म² − १) असते. म = ६४ घातलं की म² = ४०९६ आणि २म² − १ = ८१९१.

२८ (दोन घन), ४९६ (चार घन), ८१२८ (आठ घन) यांनाही हे लागू आहे. ६ ला नाही, कारण तिथे घातांक २ म्हणजे सम आहे.

द्विमान पद्धतीत ती कशी दिसते?

१११११११११११११०००००००००००० अशी. नेमकं सांगायचं तर आधी तेरा वेळा १ आणि मग बारा वेळा ०. एकूण २५ अंक. कारण उघड आहे: ८१९१ म्हणजे ओळीने तेरा १, आणि ४०९६ ने गुणणं म्हणजे मागे बारा शून्यं जोडणं. याच गोष्टीचं दुसरं रूप म्हणजे २^२५ − २^१२ = ३३५५४४३२ − ४०९६.

१ ची संख्या तेरा, आणि तेरा मूळ आहे. द्विमान रूपातल्या १ ची संख्या मूळ असणाऱ्या संख्यांचाही एक वेगळा वर्ग केलेला आहे; आपली संख्या त्यात बसते, आणि घातांक मूळ असावाच लागत असल्याने प्रत्येक सम परिपूर्ण संख्या त्यात बसते.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? तीन?

दोन्हींचं उत्तर नाही, आणि कारणं छान आहेत.

८१९१ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि तो अवयव संख्येत एकदाच आहे. असा मूळ अवयव विषम वेळा आला की दोन वर्गांची बेरीज अशक्य. तीन वर्गांसाठी लजाँद्रची कसोटी अशी, की ४ चा घात × (८ च्या पटीत ७ मिळवून येणारी संख्या) हे रूप असेल तर तीन वर्ग पुरत नाहीत. ४०९६ = ४^६, आणि ८१९१ = ८ × १०२३ + ७. म्हणजे आपली संख्या त्या आडमुठ्या संख्यांपैकी आहे.

चार वर्ग मात्र कोणत्याही नैसर्गिक संख्येला पुरतात. हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. ८१९१ = ९०² + ९² + ३² + १². सगळ्याला ६४² ने गुणा:

३,३५,५०,३३६ = ५७६०² + ५७६² + १९२² + ६४²

ताळा: ३३१७७६०० + ३३१७७६ + ३६८६४ + ४०९६. जुळतं.

‘व्यवहार्य संख्या’ म्हणजे काय, आणि ही तशी आहे का?

जिच्यापेक्षा लहान असलेली प्रत्येक नैसर्गिक संख्या तिच्याच वेगवेगळ्या विभाजकांची बेरीज म्हणून लिहिता येते, ती व्यवहार्य. ही कल्पना ए. के. श्रीनिवासन यांनी १९४८ मध्ये मांडली.

आपली संख्या व्यवहार्य आहे. समजा एक कोटी ही संख्या बनवायची आहे. एक कोटीला ८१९१ ने भागा: भागाकार १२२०, बाकी ६९८०. दोन्ही २ च्या घातांत फोडा:

१२२० = १०२४ + १२८ + ६४ + ४
६९८० = ४०९६ + २०४८ + ५१२ + २५६ + ६४ + ४

पहिल्या ओळीला ८१९१ ने गुणलं की दुसऱ्या गटातले चार विभाजक मिळतात: ८३८७५८४, १०४८४४८, ५२४२२४, ३२७६४. त्यांत दुसऱ्या ओळीतले सहा मिळवा. बरोबर १,००,००,००० होतात. एक कोटीच्या जागी तुमच्या आवडीची कोणतीही लहान संख्या घ्या, रीत हीच. बाकी ८१९० च्या वर जात नाही आणि भागाकार ४०९५ च्या वर जात नाही, म्हणून विभाजक कधीच कमी पडत नाहीत.

तिची दुप्पट आणि निम्मी संख्याही परिपूर्ण असते का?

नाही. परिपूर्ण संख्येची १ हून मोठी प्रत्येक पट विपुल असते आणि तिचा प्रत्येक लहान विभाजक न्यून असतो. आकड्यांत पाहा. दुप्पट ६७१००६७२, तिच्या विभाजकांची बेरीज ८१९२ ने जास्त भरते. निम्मी १६७७५१६८; तिची बेरीज ४०९६ ने कमी पडते. तूट आणि वाढ, दोन्ही २ चे नेमके घात.

ती पूर्ण वर्ग, फिबोनाची, ‘हॅपी’ यांपैकी काही आहे का?

पूर्ण वर्ग नाही; ५७९२² = ३३५४७२६४ आणि ५७९३² = ३३५५८८४९ यांच्या मधे ती पडते. मुळात कोणतीच परिपूर्ण संख्या पूर्ण वर्ग नसते, कारण वर्गाच्या सर्व विभाजकांची बेरीज विषम येते आणि परिपूर्ण संख्येला ती दुप्पट, म्हणजे सम लागते.

फिबोनाची नाही, ती २४१५७८१७ आणि ३९०८८१६९ यांच्या मधे आहे. उलटसुलट सारखी वाचता येत नाही. हॅपीही (अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा करत गेलं की १ वर पोचणारी) नाही: अंकांच्या वर्गांची बेरीज १२२, मग ९, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९ आणि पुढे तेच चक्र, १ कधी येत नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या १६७७३१२० आहेत (२०४८ × ८१९०).

अंकांची बेरीज ३+३+५+५+०+३+३+६ = २८, आणि २८ स्वतः परिपूर्ण! हे वाचायला गोड वाटतं, पण हा योगायोग आहे. दशमान पद्धत सोडली की तो नाहीसा होतो. यामागे खरा नियम एवढाच, की ६ सोडून प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला ९ ने भागल्यावर बाकी १ उरते. तो मात्र सिद्ध करता येतो.

८१९१ ची स्वतःची काही खासियत आहे का?

दोन सांगण्याजोग्या. पहिली: ८१९१ = १ + ९० + ९०². म्हणजे ९० च्या पायात (१० ऐवजी ९० धरून केलेल्या अंकपद्धतीत) ती १११ अशी लिहिली जाते आणि २ च्या पायात ओळीने तेरा १. दोन वेगवेगळ्या पायांत निव्वळ १ नी (निदान तीन) लिहिल्या जाणाऱ्या संख्या आजवर दोनच सापडल्या आहेत, ३१ आणि ८१९१. तिसरी नाहीच, असं अनुमान रेने गूरमाख्तिग यांनी १९१७ मध्ये मांडलं. ते अजून सिद्ध झालेलं नाही.

दुसरी: ८१९१ सारख्याच २^प − १ रूपाच्या, तिच्या आधीच्या ३, ७, ३१, १२७ या मूळ संख्या घातांक म्हणून वापरल्या तर २^३ − १, २^७ − १, २^३१ − १, २^१२७ − १ या सगळ्या मूळ निघतात. मग २^८१९१ − १ ही मूळ असेल? १९५३ मध्ये संगणकावर तपासणी झाली आणि ती संयुक्त ठरली. पुढे तिचा एक अवयवही सापडला: ३३८१९३७५९४७९. तो २ × ८१९१ च्या पटीत १ मिळवून येतो, म्हणजे वर ७९ च्या वेळी वापरलेला नियमच इथेही लागू आहे. एवढ्या मोहक नमुन्याला पहिला धक्का आपल्या ८१९१ ने दिला.

कोलाट्झच्या खेळात ही संख्या घातली तर काय होतं?

सम असेल तर निम्मी, विषम असेल तर तिप्पट अधिक एक. पहिल्या बारा पायऱ्यांत ती सरळ घसरत ८१९१ वर येते. तिथून मात्र उलट प्रवास: ८१९१, २४५७४, १२२८७, ३६८६२, १८४३१ … तिप्पट आणि निम्मी यांची आळीपाळी तेरा वेळा चालते आणि १५९४३२२ गाठलं जातं, म्हणजे ३^१३ − १. २^१३ − १ चं ३^१३ − १ होतं. त्यानंतरची निम्मी ७९७१६१ ही पुन्हा मूळ संख्या आहे, आणि ३ च्या पायात ती ओळीने तेरा १ अशी लिहिली जाते. पुढे चढउतार करत ती शेवटी १ वर येते.

अशा संख्या एकूण किती आहेत? विषम परिपूर्ण संख्या असते का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ मूळ असल्याचं जाहीर झालं. ती माहीत असलेली ५२वी मर्सेन मूळ संख्या (म्हणजे २^प − १ रूपाची मूळ संख्या), म्हणून माहीत असलेल्या परिपूर्ण संख्याही ५२. त्यातली सर्वांत मोठी लिहायला ८,२०,४८,६४० अंक लागतात. अशा संख्या अनंत आहेत का, हे कोणी सिद्ध केलेलं नाही.

विषम परिपूर्ण संख्या एकही सापडलेली नाही, आणि ती असू शकत नाही असंही सिद्ध झालेलं नाही. असलीच तर ती १०^१५०० हून मोठी असावी लागेल, हे ओशेम आणि राव यांनी २०१२ मध्ये दाखवलं. त्यामुळेच आपल्या संख्येला ‘पाचवी सम परिपूर्ण’ न म्हणता निःशंकपणे ‘पाचवी परिपूर्ण’ म्हणता येतं.

संगणकावर स्वतः ताळा करायचा आहे. तीन कोटी वेळा भागाकार करावा लागेल का?

नाही. विभाजक जोडीने येतात: ४ सापडला की ८३८७५८४ आपोआप मिळतो. म्हणून १ पासून ५७९२ पर्यंतच भागून पाहा आणि निःशेष भाग गेला की दोन्ही जोडीदार बेरजेत टाका. १ चा जोडीदार म्हणजे संख्या स्वतः, तो तेवढा वगळायचा. हा विसरला तर उत्तर दुप्पट, ६७१००६७२ येतं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. एकूण १३ जोड्या मिळायला हव्यात, शेवटची ४०९६ आणि ८१९१. संख्या आणि बेरीज दोन्ही ३२ बिटांत सहज मावतात, त्यामुळे मोठ्या संख्यांसाठीची खास सोयही लागत नाही.